पुढच्या शॉकअपचं काम घरी करायचंय: कोणती हत्यारं घ्यावीत, कोणती बनवावीत?

यवतेश्वर_पायथा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. गाडी एक्सपल्स २०० ही मोटरसायकल, आत्तापर्यंत ३४ हजार किलोमीटर झालेत. रोजचं एमआयडीसीला जाणं-येणं आणि रविवारी कास, बामणोली नाहीतर ठोसेघर. माझं वजन ९४ किलो, हेल्मेट-जॅकेट-बूट धरले की शंभरी गाठतो. ब्रेक लावला की गाडी पुढून खोल बसते. त्यात गेल्या पावसाळ्यातला चिखल लागल्यापासून उजव्या फोर्कवर (पुढच्या चाकाच्या दोन शॉकअप-नळ्यांपैकी एक) तेलाची कड दिसायला लागलीय.

बेत असा आहे: दोन्ही फोर्क उतरवायचे, ऑइल सील (तेल आत धरणारं रबर), डस्ट सील (धूळ अडवणारं रबर) आणि तेल बदलायचं, आणि जमलंच तर माझ्या वजनाला साजेशी स्प्रिंग टाकायची. घरीच करायचंय. हौस आहेच, पण कारणही आहे. मागे एका गॅरेजात तेल बदलून घेतलं, तेव्हा कोणत्या बाजूला किती घातलं हे मला कोणी सांगू शकलं नाही.

जवळ काय आहे: ८ ते २४ रिंग आणि फिक्स पाने, अर्ध्या इंची गोटीचा सेट, एल-की, पक्कड, रबरी हातोडी. बजेट पाच हजार. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येकात नवीनच हत्यार. सील ठोकायचा ड्रायव्हर, आतली रॉड धरायचा लांब टी, तेलाची पिचकारी, टॉर्क पाना, पॅडॉक स्टँड. यातलं विकत काय घेऊ, घरी काय बनेल, आणि कोणत्या कामाला घरी हातच लावू नये? स्वतः केलेल्यांनी जरूर लिहा.

भडंगप्रेमी

पहिलं हत्यार रविवार. दुसरं, सोमवारची रजा.

मीनल_वाई

मी क्लासिक ३५० चे फोर्क दोनदा उघडलेत, दोन्ही वेळा घराच्या ओसरीत. पाने तुमच्याकडे बहुतेक सगळे आहेत. खरा प्रश्न पुढचं चाक अधांतरी धरायचा आहे. माझ्या गाडीला मेन स्टँड आहे, तुमच्या गाडीला नाही. पॅडॉक स्टँडवर पैसे घालू नका. नेहमीचा पॅडॉक मागचं चाक उचलतो, आणि पुढचा बहुतेक वेळा फोर्कच्याच खाली लागतो. जो फोर्क काढायचाय त्याच्यावरच गाडी उभी कशी करणार?

जुन्या वाड्यात राहत असाल तर तुळई असेलच. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा आणा, दोन पट्टे तुळईवरून घेऊन हँडलच्या वरच्या क्लॅम्पजवळ (फोर्क आवळून धरणारी पकड) बांधा. खाली बॅश प्लेटखाली (इंजिनच्या पोटाखालचा पत्रा) लाकडी फळी आणि जॅक. सायलेन्सरला जॅक लावायचा नाही. मागच्या चाकाला दोन्हीकडून विटा.

एक गोष्ट मी पहिल्या वेळी चुकले होते. फोर्क गाडीला असतानाच वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, खालचा घट्टच ठेवायचा, आणि फोर्कची वरची टोपी अर्धा आटा फिरवून घ्यायची. फोर्क उतरवल्यावर टोपी सोडवायला गेलात तर पाइप हातात गोल गोल फिरतो आणि शिकंजात धरला की क्रोमवर ओरखडे येतात. टोपी पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, खाली दाबलेली स्प्रिंग असते.

कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. पॅडमध्ये पुठ्ठा सरकवून ठेवा, म्हणजे कुणी चुकून लिव्हर दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. माझ्याकडे भाच्याने दाबला होता.

माणदेशी_रायडर

स्प्रिंग कशाला बदलता? वरती पीव्हीसीचा तुकडा टाका, गाडी कडक होते. पन्नास रुपयांत काम. मी केलंय.

लेथवाला_कुपवाड

मी टर्नर आहे. कुपवाड एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा आहे, म्हणून सील ड्रायव्हरबद्दल लिहितो.

सील ड्रायव्हर म्हणजे फोर्क पाइपवरून सरकणारी जड नळी. तिचं आतलं माप पाइपपेक्षा मिलिमीटरभर मोठं हवं. बाहेरचं माप बॉटमच्या (फोर्कच्या खालच्या जाड नळीच्या) तोंडात सैलसर उतरेल इतकं हवं. आणि तोंड एकदम काटकोनात हवं. तिरकं असेल तर सील एका बाजूने आधी बसतं आणि महिन्याभरात परत गळतं. तुमच्या गाडीचा पाइप ३७ मिमीचा आहे. जाड पीव्हीसी पाइप मिळाला तर तोही चालतो, पण तोंड हॅकसॉने अंदाजे कापू नका. पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, पट्टीच्या कडा एकमेकींवर बरोबर आल्या की तीच काटकोनातली रेघ. रेघेवर कापा, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड घासा.

वजन नसल्यामुळे पीव्हीसीने ठोके जास्त लागतात. म्हणून नवीन सीलवर जुनं सील उलटं ठेवा आणि त्याच्यावर ठोका. जुन्या सीलला आधी एक उभी चीर द्या, नाहीतर तेच आत अडकून बसतं. सील पूर्ण बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्दचा टणक होतो. लॉकची तार बसायची खाच पूर्ण दिसली की थांबा.

गुणाकार_भागाकार

@माणदेशी_रायडर, मतभेद नोंदवतो. पीव्हीसीच्या तुकड्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळी किती आहेत त्यावर ठरतो. वरून १५ मिमी दाबून ठेवली म्हणून तार जाड होत नाही. गाडी फक्त तेवढी वर उभी राहते. त्याचा उपयोग होतो, पण कशासाठी ते आधी मोजून बघावं लागतं.

म्हणून धागाकर्त्याला माझं उत्तर: पहिलं हत्यार तीस रुपयांचा मोजपट्टीचा टेप आणि एक प्लास्टिकचा झिप टाय. कोणताही बोल्ट सोडण्याआधी सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती खाली बसतो ते, मोजा. चाक अधांतरी असताना धूळ-सीलपासून खालच्या क्लॅम्पपर्यंत उघडा पाइप किती दिसतो ते लिहा. मग गाडी जमिनीवर, तुम्ही खाली उतरलेले. मग सगळा पोशाख घालून तुम्ही वर, दोघांनी गाडी सरळ धरलेली. प्रत्येक वेळी गाडी एकदा दाबून सोडा, एकदा उचलून सोडा आणि दोन्ही मापांची सरासरी घ्या, कारण सीलच्या घर्षणाने माप चुकतं. तुमचा पुढचा ट्रॅव्हल (फोर्क पूर्ण किती दबू शकतो ते अंतर) १९० मिमी आहे. तुम्ही बसल्यावर त्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ५७ मिमीच्या आसपास गाडी बसावी. नुसती गाडी साधारण १० टक्के.

तुम्ही बसल्यावरचं माप बरोबर आणलं आणि नुसती गाडी जेमतेम बसायला लागली, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. मगच स्प्रिंगवर खर्च करा.

माणदेशी_रायडर

माझी गाडी पूर्वी स्पीडब्रेकरला खाली टेकायची, आता टेकत नाही. मला तरी कडकच वाटते. पण तुमचं मोजायचं पटलं, या आठवड्यात टेप लावतो.

जुनी_प्रिया

मी सेवानिवृत्त, मुक्काम सातारा. थोडं विषयांतर करतो, क्षमस्व. आपल्या साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, तिथे प्रिया स्कूटर बनायची. माझ्याकडे एक होती. तिला पुढे असे दोन फोर्क नव्हतेच. एकाच बाजूला आडवा दांडा, त्याला चाक, आणि स्प्रिंग-शॉकअप बाहेर. दोन पाने आणि एक स्टूल एवढ्यावर तो मी रस्त्यात बदललाय, यवतेश्वरच्या चढावर.

आता मुद्द्यावर. फोर्क उघडायच्या आधी एक करून बघा. डस्ट सील खाली सरकवा आणि जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची निगेटिव्हची पट्टी ऑइल सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा. पुष्कळदा आत चिखलाचा कण असतो आणि तेवढ्यानेच गळत असतं. कण पट्टीबरोबर बाहेर येतो. घरात लग्नाच्या अल्बमच्या निगेटिव्ह असतीलच. फोटो नसलेलं टोक कापून घ्या.

भडंगप्रेमी

लग्नाची निगेटिव्ह फोर्कमध्ये! प्रियावाले काका, एक नंबर.

गॅरेजपुत्र_कराड

माझ्या वडिलांचं गॅरेज आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. टॉर्क पान्याची गरज नाही. वडिलांचा हात बघा, तीस वर्षांत एक आटा गेलेला नाही. आणि घरी करणाऱ्यांपैकी निम्मे लोक खालच्या बोल्टला अडकतात आणि गोणीत भरून फोर्क आमच्याकडेच आणतात. तो बॉटमच्या तळातला अ‍ॅलन बोल्ट आतली रॉड धरून असतो. बोल्ट फिरवला की रॉडही बरोबर फिरते, कितीही फिरवा, सुटत नाही. आमच्याकडे इम्पॅक्ट गन आहे, दोन सेकंदात सुटतो.

मीनल_वाई

@गॅरेजपुत्र, वडिलांच्या हाताबद्दल आदरच आहे. पण तो हात तीस वर्षांत तयार झाला, माझ्याकडे तीस वर्षं नाहीत. पहिल्या वेळी मी अ‍ॅक्सलच्या क्लॅम्पचा बोल्ट अंदाजाने आवळला आणि बॉटमचा अ‍ॅल्युमिनियमचा आटा ओढला गेला. बॉटम बदलायला जेवढे गेले तेवढ्यात टॉर्क पाना आला असता.

फक्त धागाकर्त्याने एक लक्षात ठेवावं: बाजारात स्वस्तात मिळणारा अर्ध्या इंची मोठा टॉर्क पाना कारच्या चाकाचा असतो. क्लॅम्पचे बोल्ट त्याच्या किमान मापाच्याही खाली असतात, तिथे तो 'कट्' वाजणारच नाही आणि तुम्ही आवळत राहाल. ३/८ चा छोटा घ्या, सुरुवात ५ किंवा १० न्यूटन मीटरपासून होणारा. त्याने बोल्ट सोडवायचे नाहीत. काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. मला पावणेतीन हजारांना पडला.

गॅरेजपुत्र_कराड

ताई, अ‍ॅल्युमिनियमच्या आट्याचं मान्य. गरज नाही हा शब्द मागे घेतो, आमच्यासाठी गरज नाही असं म्हणतो. :)

आणि गन नसेल तर असं करा. फोर्क उतरवल्यावर टोपी काढण्याआधीच, स्प्रिंग आत असताना, फोर्क उलटा धरून जमिनीवर दाबा, दुसऱ्याने बोल्टला एल-कीचा झटका द्यायचा. स्प्रिंगच्या दाबाने रॉड आत अडते आणि बऱ्याचदा बोल्ट सुटतो. नाहीच सुटला तर स्प्रिंग काढून टाका, फरशी पुसायच्या मॉपचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासा आणि वरून रॉडच्या डोक्यात ठासून धरा. बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवीन.

गुरांचा_डॉक्टर

तासगाव भागात पशुवैद्यक आहे, गाडी रोज शेतरस्त्याने. पिचकारी ऑनलाइन दीड-दोन हजारांना बघितली आणि हसू आलं. जनावरांच्या औषधाच्या दुकानात ५० मिलीची सिरिंज मिळते. तिला सलाइनची नळी लावा, नळीवर रबरी बूच सरकवा. बूचाखाली नळी जेवढी लोंबते तेवढीच तेलाची पातळी राहणार, कारण नळीचं टोक उघडं पडलं की ती फक्त हवा ओढते.

पद्धत अशी: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली बसवलेला, तेल थोडं जास्त ओतायचं. पाइप सावकाश दहा-पंधरा वेळा वर-खाली करायचा, हवा निघेपर्यंत. मग बूच पाइपच्या तोंडावर टेकवून वरचं तेल ओढून घ्यायचं. दोन्ही फोर्क मिलिमीटरपर्यंत सारखे होतात. तोंडापासून तेलापर्यंत किती अंतर ठेवायचं ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

गुणाकार_भागाकार

+१. तेल मिलीमध्ये मोजून ओतण्यापेक्षा उंची बघणं केव्हाही बरोबर, कारण फोर्क पूर्ण खोलला नसेल तर जुनं तेल आत राहतं आणि हिशेब चुकतो. तेलावरची हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. तेल ५-१० मिमी वर नेलं तर हवेला जागा कमी, म्हणून शेवटच्या टप्प्यात गाडी जास्त विरोध करते. पूर्ण बसत असेल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. अतिरेक केला तर सीलवर ताण येतो.

कृष्णाकाठ

सांगलीहून. २०१९ च्या पुरात माझी हिमालयन पार्किंगमध्ये हँडलपर्यंत पाण्यात होती. इंजिनचं सगळ्यांनी सांगितलं, ते केलं. फोर्कचं कोणी बोललं नाही. तीन महिन्यांनी घाण आवाज यायला लागला म्हणून उघडले तर आतून दुधाचा चहा ओतावा तसं तेल आलं. स्प्रिंगवर गंज, पाइपला आतून डाग. बाहेर क्रोमवरही सीलच्या वर दोन बारीक खड्डे पडले होते, सुई टोचल्यासारखे. नखाने लागायचे. नवीन सील टाकलं, पंधरा दिवसांत फाटलं.

म्हणून हत्यारांच्या यादीत तुमचं नख धरा. सील घालण्याआधी पूर्ण पाइपवरून नख फिरवा. अडकलं तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून कड मोडा. खड्डा खोल असेल तर पाइपच बदला, सीलवर पैसे घालू नका. आणि नवीन सील पाइपवर चढवताना पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तिला तेल लावा. तोंडाची कड सीलचा ओठ कापते.

मागच्या शॉकअपबद्दलही सांगतो. घरी करू नये असं काय, हे तुम्ही विचारलंय. गॅस भरलेला मागचा शॉकअप घरी उघडायचा नाही. त्यात दाबाखाली नायट्रोजन असतो. माझ्या मित्राने एका दुकानातून तसा शॉकअप 'रिपेअर' करून आणला. त्यांनी तेल भरलं, पण गॅस भरायची सोयच तिथे नव्हती. खंबाटकी उतरताना वळणावर गाडी मागून उड्या मारायला लागली. सुदैवाने वाचला. मागे घरी करायचं काम एवढंच: हूक पान्याने प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याची) रिंग फिरवणं आणि लिंकेजला ग्रीस.

यवतेश्वर_पायथा

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिली बातमी: काकांची निगेटिव्हची पट्टी परवा फिरवली. बारीक तांबडा चिखल निघाला, पण दुसऱ्या दिवशी कड परत दिसली. म्हणजे ओठच कापलाय, उघडणं आलं.

सॅगही मोजला. शेजारच्या दोन पोरांना धरायला बोलावलं. मी बसल्यावर ७६ मिमी, म्हणजे ४० टक्के. नुसती गाडी ३४. आता सील, वॉशर, तेल मागवतो. स्प्रिंग थांबवली आहे.

भडंगप्रेमी

लाइव्ह कॉमेंट्री चालू ठेवा. काम यशस्वी झालं की कंदी पेढे आमच्याकडे सांगलीला पाठवायचे.

मीनल_वाई

जोडताना एक: अ‍ॅक्सल आवळल्यावर लगेच त्याचा क्लॅम्प बोल्ट आवळू नका. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा दाबा. दोन्ही फोर्क आपापली समांतर जागा घेतात. मग क्लॅम्प. आणि चाक फिरवायच्या आधी ब्रेकचा लिव्हर पंप करून कडक झालाय ना बघा.

यवतेश्वर_पायथा

झालं! शनिवारी सकाळी नऊला सुरू केलं, रविवारी दुपारी गाडी खाली. क्रमाने लिहितो.

तुळईला रॅचेटचे पट्टे, बॅश प्लेटखाली आंब्याच्या लाकडाची फळी आणि मामांच्या गाडीचा जॅक. गाडी तसूभर हलली नाही. टोप्या मीनलताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी सैल केल्या, सहज निघाल्या.

डाव्या फोर्कचा खालचा बोल्ट स्प्रिंगच्या दाबावर पहिल्याच झटक्यात सुटला. उजव्याने दीड तास घेतला. झटका दिला की आत रॉड फिरल्याचा गुळगुळीत भास व्हायचा. शेवटी मॉपचा दांडा तासला. पहिलं टोक फार टोकदार झालं आणि घसरलं, दुसरं थोडं बोथट ठेवलं. भावाने दांड्यावर अंगाचा भार टाकला, मी एल-कीवर पाइप चढवून ओढलं. 'कड्' असा आवाज आला आणि दोघंही ओरडलो. आई बाहेर आली काय झालं बघायला.

जुनं तेल काळपट करडं, तळाला मळीसारखा गाळ. डावीकडे आणि उजवीकडे निघालेलं तेल दोन बाटल्यांत ठेवलं होतं, उजवीकडचं चांगलंच कमी. वापरलेलं तेल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात दिलं.

सील: पीव्हीसी पाइप, कागदाची पट्टी, काचेवर घासलेलं तोंड, वर चीर दिलेलं जुनं सील. बद्दचा टणक आवाज खरंच ऐकू येतो! लेथवालेकाका, हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी ठोकत राहिलो असतो.

सिरिंज पोवई नाक्याजवळ मिळाली. दुकानदाराने जनावर कोणतं विचारलं. तेल दोन्हीकडे सारखं, मापाने.

स्पेसर, म्हणजे स्प्रिंगवर ठेवायचा नळीचा तुकडा, १५ मिमीचा टाकला, दोन्ही तोंडांना स्टीलचा वॉशर. टोपी बसवताना स्प्रिंग जोरात वर येते, आटा तिरका लागायची भीती होती. टोपी दाबून आधी उलटी फिरवली, आटा 'टक्' करून खाली बसल्याचं जाणवलं, मग सुलटी.

आता मी बसल्यावर ६१, नुसती गाडी १९. गुणाकारभाऊ, तुमच्या दोन्ही आकड्यांच्या जवळ. काल कासला जाऊन आलो. यवतेश्वरच्या वळणांवर ब्रेक लावला की गाडी बसते, पण थांबते, आधीसारखी तळाला जात नाही. फोर्क कोरडे.

खर्च: टॉर्क पाना २,६५०, रॅचेट पट्टे ७००, सिरिंज-नळी-बूच १३०, पाइप घरात पडलेला. सील, तेल, वॉशर वेगळे.

गुणाकार_भागाकार

७६ मधून १५ गेले की ६१. स्पेसरने माप तेवढंच बदललं, मी म्हणत होतो ते हेच. १९ म्हणजे बरोबर १० टक्के. तुमच्या वजनाला सध्याची स्प्रिंग चालते आहे, नवीन घेऊ नका. मागे डबलसीट किंवा सामान घेऊन फिरायला लागलात तर परत मोजा.

माणदेशी_रायडर

मीही मोजलं. मी बसल्यावर माप ठीक, पण नुसती गाडी जेमतेम ४ मिमी बसते. म्हणून खड्ड्यातून बाहेर येताना पुढून 'ठक्' वाजायचं, आत्ता कळलं. तुकडा कमी करतोय आणि स्प्रिंग मागवलीय. @गुणाकार_भागाकार, तुमचं बरोबर होतं.

कृष्णाकाठ

@यवतेश्वर_पायथा, अभिनंदन. माझेही या महिन्यात उघडायचेत. तो सीलचा पाइप आणि तासलेला दांडा एसटी पार्सलने सांगलीला पाठवाल का? काम झालं की परत, सोबत भडंग.

यवतेश्वर_पायथा

दांडा उद्याच पाठवतो, सोबत पेढेही, भडंगप्रेमींचा वाटा धरून. पाइप मात्र उपयोगाचा नाही. तो ३७ ला बेतलाय, तुमचा फोर्क ४१ चा, चढणारच नाही.

लेथवाला_कुपवाड

कृष्णाकाठ, ४१ चा मी नायलॉनमध्ये काढून देतो. नवीन सील आणि जुनं सील दोन्ही घेऊन या, बॉटमच्या तोंडाचं माप त्यावरून कळतं. शनिवारी दुपारी दोननंतर मशीन मोकळं असतं.